चाळीस मिनिटांचा निबंध

परदेशी माणसाला इंग्रजी किती येते हे तपासणारी परीक्षा केंब्रिजने १९१३ साली पहिल्यांदा घेतली. तिला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. बारा तासांची परीक्षा होती ती. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, तिकडून पुन्हा इंग्रजीत, व्याकरण, उच्चारशास्त्र, साहित्य, तोंडी परीक्षा, आणि एका विषयावर दोन तास निबंध. आपापल्या देशात इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी ती आखलेली होती. आज त्याच केंब्रिजची भागीदारी असलेली आयईएलटीएस परीक्षा (बोलताना सगळे ‘आयल्ट्स’च म्हणतात) नाशिकची नर्स देते, हिंजवडीतला इंजिनियर देतो, एम.एस.ला निघालेली लातूरची मुलगी देते. निबंधाला साधारण चाळीस मिनिटे मिळतात आणि किमान अडीचशे शब्द लिहायचे असतात. दोन तासांची चाळीस मिनिटे कशी झाली, त्या अडीचशे शब्दांत परीक्षक नेमके काय शोधतो, आणि ते त्याला सापडावे यासाठी लिहिणाऱ्याने काय शिकायचे, हा या पुस्तकाचा विषय.

हा विषय आपल्याकडे बेवारशी पडला आहे. कोचिंग क्लासच्या दृष्टीने तो युक्त्यांचा मामला: पहिला परिच्छेद असा, शेवटचा तसा, मधे हे बारा शब्द पेरा. कॉलेजातल्या इंग्रजी विभागाच्या दृष्टीने तो शेक्सपिअरच्या शेजारी बसवण्याच्या लायकीचाच नाही. परिणामी ज्यांना या ज्ञानाची सर्वांत जास्त गरज आहे, म्हणजे मराठी माध्यमातून शिकलेले आणि इंग्रजी वाचता येते पण लिहिताना हात अडखळतो असे हजारो लोक, ते अप्पा बळवंत चौकातून एखादे गाइड आणतात आणि त्यातले निबंध पाठ करतात. भाषा-मूल्यमापन, लेखनाचे अध्यापन आणि युक्तिवादाची मांडणी अशा तीन शाखा जिथे एकत्र येतात, तिथे शंभर वर्षांचा गंभीर विचार साठला आहे. त्यात शिरायला पदवी लागत नाही. थोडे कुतूहल आणि आपलेच लिखाण परक्याच्या नजरेने वाचायची तयारी, एवढे पुरते.

सुरुवात एका जुन्या भांडणापासून करावी लागेल. लेखन तपासायचे तर माणसाला लिहायला लावावे, हे केंब्रिजने पहिल्या दिवसापासून धरून ठेवले. अमेरिकेत उलटे झाले. तिथे मानसमापनाचा जोर होता. दोन परीक्षकांचे गुण जुळत नसतील तर त्या गुणांना अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. म्हणून १९६४ साली टोफेल ही तिथली इंग्रजीची परीक्षा सुरू झाली तेव्हा तिच्यात ‘लेखनक्षमता’ नावाचा विभाग होता, पण उमेदवाराला एक ओळही लिहावी लागत नव्हती. वाक्यातली चूक ओळखायची, पर्याय निवडायचा, पेन्सिलीने गोल काळा करायचा. वीस-बावीस वर्षे असेच चालले. प्रत्यक्ष निबंध लिहायला लावणारी चाचणी टोफेलबरोबर १९८६ साली आली, आणि इंटरनेटवरची टोफेल २००५ साली आली तेव्हा लेखन हा तिचा सक्तीचा भाग होता. बर्नार्ड स्पोल्स्की यांनी ‘मेजर्ड वर्ड्‌स’ या १९९५ सालच्या पुस्तकात तोपर्यंतचा इतिहास सांगितला आहे. एका किनाऱ्यावर परीक्षा खरी असावी हा आग्रह, दुसऱ्या किनाऱ्यावर गुण भरवशाचे असावेत हा आग्रह. आजची प्रत्येक प्रश्नपत्रिका या दोन आग्रहांतली तडजोड आहे, आणि ती तडजोड कळली की प्रश्न असे का विचारतात हे आपोआप कळू लागते.

अमेरिकनांची शंका किती खरी होती हे दाखवणारा एक अभ्यास या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ जाणत्या वाचकांना दिले. त्यात इंग्रजीचे आणि इतर विषयांचे प्राध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील होते, व्यावसायिक होते. सूचना मुद्दाम मोघम ठेवली: तुमच्या मते गुणवत्तेनुसार नऊ गठ्ठे करा. ९४ टक्के निबंध किमान सात वेगवेगळ्या गठ्ठ्यांत पडले. पाचापेक्षा कमी गठ्ठ्यांत पडलेला एकही निबंध नव्हता. तोच कागद एकाला उत्कृष्ट वाटत होता आणि दुसऱ्याला टाकाऊ. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ आणि १८९० साली परीक्षांमधल्या नशिबाच्या भागाविषयी जे लिहिले होते, त्याला इथे ढळढळीत पुरावा मिळाला.

डिडरिक एवढ्यावर थांबले नाहीत, म्हणून त्यांचे महत्त्व. हे वाचक का भांडतात ते त्यांनी वाचकांच्या शेऱ्यांतून काढले आणि पाच प्रवृत्ती हाती लागल्या. काही जण विचारांना गुण देत होते, काही मांडणीला, काही शुद्धलेखन-व्याकरणाला, काही शब्दयोजनेला, तर काही लेखकाच्या ढंगाला. वाचक बेफिकीर नव्हते, ते वेगवेगळ्या गोष्टी वाचत होते. मग उपाय सुचतोच: काय वाचायचे ते आधी ठरवा, परीक्षकांना तसे वाचायला शिकवा. आज आयईएलटीएसचा परीक्षक निबंधाला चार वेगळे गुण देतो. प्रश्नाला दिलेले उत्तर, सुसंगती आणि जोडणी, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकपणा. चारही निकषांचे वजन सारखे. प्रत्येक पायरीवर काय दिसले पाहिजे याचे वर्णन जाहीर आहे, कुणालाही वाचता येते. तयारी करणाऱ्या किती जणांनी ते वाचलेले असते? वर्गात विचारले की शांतता पसरते. थोड्या पानांचा हा दस्तऐवज फुकट उपलब्ध असताना लोक हजारो रुपये देऊन त्याच्या विपर्यस्त सारांशाला जातात, हे मला आजही चमत्कारिक वाटते.

चार निकषांतला पहिला सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि आपल्या वाचकाला सर्वांत उपयोगाचा. समजा प्रश्न असा आहे: शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी असावी असे काहींना वाटते, तर सार्वजनिक वाहतूक सुधारली की पुरे असे इतरांना वाटते, दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि आपले मत द्या. मराठी शाळेत तयार झालेला हुशार विद्यार्थी ‘वाहतुकीची समस्या’ या विषयावर निबंध लिहू लागतो. लोकसंख्या, प्रदूषण, अपघात, मग ‘विज्ञान शाप की वरदान’च्या वळणाचा एक परिच्छेद, शेवटी नागरिकांनी जागरूक व्हावे. भाषा बरी असते. पण त्याला विषय विचारलेलाच नव्हता, वाद विचारला होता. बंदीवाल्यांचे म्हणणे काय, सुधारणावाल्यांचे काय, आणि तू कुठे उभा आहेस? या तिन्हींपैकी एक जरी गळले तरी पहिल्या निकषात गुण वर चढत नाहीत, मग इंग्रजी कितीही सफाईदार असो.

याचा दोष मुलांना देता येत नाही. आपल्या शालेय निबंधात नदीचे मनोगत असते, सूर्य उगवला नाही तर काय होईल ते असते, पावसाळ्यातला एक दिवस असतो. तो कल्पनाविलासाचा सुंदर सराव आहे आणि मला तो प्रिय आहे. वैचारिक निबंधही असतो, पण तो बहुतेक वेळा वक्तृत्व स्पर्धेच्या थाटात चालतो: आरंभी सुभाषित, शेवटी कवितेच्या दोन ओळी, मधे आवाज चढवलेला. कागद घेऊन बसलेल्या, घाईत असलेल्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या वाचकापुढे हा थाट चालत नाही.

गंमत अशी की वाद मांडण्याची शिस्त आपल्या परंपरेत फार जुनी आहे. मीमांसेत प्रत्येक अधिकरणाची (एकेका वादविषयाच्या चर्चेची) पाच अंगे सांगतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. पूर्वपक्ष दुबळा मांडणे हा तिथे कमीपणा समजला जाई. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडून मग ते खोडायचे. दोन्ही बाजू मांडा, मग मत द्या, असे सांगणाऱ्या परीक्षकाला याहून वेगळे काही नको असते. फरक एवढाच की शास्त्रात निर्णय एका बाजूचाच लागतो, परीक्षेत ‘इतक्या मर्यादेपर्यंत मान्य’ असेही म्हणता येते. शिवाय आधुनिक मराठी वैचारिक गद्य इंग्रजीच्या शेजारीच वाढले. ‘दर्पण’ १८३२ साली निघाले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत. लोकहितवादींची पत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली, आटोपशीर, एकेक मुद्दा घेणारी. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ची, आणि आगरकरांच्या १८८८च्या ‘सुधारक’ला इंग्रजी भागही होता. आपण जी मराठीचीच समजतो ती विरामचिन्हेसुद्धा मेजर कँडींनी इंग्रजीवरून आणली आणि १८५० साली त्यांची परिभाषा पुस्तकरूपाने दिली. तेव्हा इंग्रजी निबंध हा आपल्या जातकुळीबाहेरचा आहे, ही भीती सोडून द्यावी. आगरकरांचा एक लेख घेऊन त्यात पूर्वपक्ष कुठे संपतो आणि उत्तर कुठे सुरू होते यावर पेन्सिलीने रेघा मारा. माझ्या अनुभवात हा सराव कुठल्याही इंग्रजी नमुना निबंधापेक्षा जास्त शिकवतो.

रॉबर्ट कॅप्लन यांचे नाव इथे टाळता येत नाही. त्यांनी १९६६ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या निबंधांवरून असे मांडले की प्रत्येक संस्कृतीची विचार मांडण्याची वाट वेगळी असते. सोबत आकृत्या काढल्या: इंग्रजीची सरळ रेघ, पौर्वात्यांचा भोवरा. त्या आकृत्या फार गाजल्या आणि त्यांच्यावर टीकाही फार झाली. हिंदीच्या बाजूने यमुना काचरू यांनी केलेली टीका आपल्याला जवळची. कॅप्लन यांनी स्वतःच पुढे आपले म्हणणे सौम्य केले. मला वाटते, आकृत्या विसराव्यात आणि त्यांच्यामागचा प्रश्न ठेवावा. इंग्रजी परीक्षक परिच्छेदाच्या पहिल्या-दुसऱ्या वाक्यात मुद्दा शोधतो. आपण अनेकदा तो पार्श्वभूमी बांधून शेवटी देतो. यात बुद्धीचा फरक कसलाच नाही, सवयीचा आहे, आणि सवय सरावाने बदलते.

जोडणीच्या निकषाविषयी क्लासमध्ये जे शिकवले जाते ते तर जवळजवळ उफराटे आहे. ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’, ‘इन अ नटशेल’ अशी अव्यये प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी बांधायची, म्हणजे गुण वाढतात, असा समज आहे. गुणवर्णन वाचा. मधल्या पायऱ्यांवर यांत्रिक जोडणी ही उणीव म्हणून नोंदलेली आहे, आणि सर्वांत वरच्या पायरीवर अपेक्षा अशी की जोडणी वाचकाच्या क्वचितच लक्षात यावी. हॅलिडे आणि हसन यांनी १९७६ साली ‘कोहीजन इन इंग्लिश’मध्ये दाखवले होते की वाक्ये सर्वनामांनी, शब्दांच्या पुनरुक्तीने, समानार्थी शब्दांनी, गाळलेल्या पदांनीही एकमेकांना धरतात. उभयान्वयी अव्यये हा त्यांतला एक प्रकार. पाठ केलेल्या साच्याचेही तसेच. मिंग काळापासून चीनच्या राजपरीक्षांत आठ ठरावीक अंगांचा निबंध लिहावा लागे, आणि यशस्वी निबंधांचे छापील संग्रह बाजारात खपत. त्या परीक्षा १९०५ साली बंद झाल्या. संग्रह विकण्याचा धंदा मात्र नवी गावे शोधत राहिला. आजचा प्रशिक्षित परीक्षक पाठांतर ओळखतो, कारण साच्याचे इंग्रजी आणि उमेदवाराचे स्वतःचे इंग्रजी यांच्यातला सांधा दुसऱ्या परिच्छेदातच उघडा पडतो.

व्याकरणाचा भाग मी थोडक्यात आवरतो, कारण त्याला पुस्तकात पुरेशी जागा आहे. मराठी माणसाच्या चुका विस्कळीत नसतात, त्यांना घराणे असते. ‘जरी–तरी’च्या सवयीने ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ येतो. ‘जे–ते’च्या सवयीने ‘पीपल हू लिव्ह इन सिटीज, दे…’ असे दोन कर्ते होतात. ‘पाच वर्षांपासून राहतो’ याचे ‘आय अ‍ॅम लिव्हिंग सिन्स फाइव्ह इयर्स’ होते. ‘उठून, आवरून, जेवून’ अशी साखळी इंग्रजीत ‘अँड’च्या माळेत उतरते. आणि मराठीत उपपदे नसल्यामुळे ‘अ’ व ‘द’ एकतर गळतात किंवा भलत्या जागी बसतात. यांतली एकेक चूक अर्थ बिघडवत नाही, पण वरच्या पायऱ्यांवर निर्दोष वाक्यांचे प्रमाण पाहिले जाते, आणि दर वाक्याला एक ‘द’ गळला तर निर्दोष वाक्य उरतच नाही. चुकांना घराणे असते ही आनंदाची बातमी आहे, कारण पाच-सहा सवयी ओळखल्या की बहुतेक काम होते.

आयईएलटीएसच्या पहिल्या लेखनकार्यात, म्हणजे आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेचे किमान दीडशे शब्दांत वर्णन करताना, एकच गोष्ट सांगून पुढे जातो: आकडे मोजत बसू नका, आधी चित्र एकूण काय सांगते ते लिहा, आणि कारणे तर मुळीच शोधू नका. या कार्याचे वजन निबंधाच्या निम्मे आहे. वीस मिनिटांहून जास्त वेळ त्याला देणे परवडत नाही. स्थलांतरासाठीच्या जनरल ट्रेनिंग परीक्षेत आलेखाऐवजी पत्र असते.

परीक्षेचा उंबरठा कुठे ठेवायचा हे भाषाशास्त्र ठरवत नाही, धोरण ठरवते, हेही या क्षेत्राचे एक प्रकरण आहे. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेने आयईएलटीएसमध्ये चारही कौशल्यांत सात बँड (गुणश्रेणीतली सातवी पायरी) मागितले होते. लेखनाच्या सातवर अनेक अनुभवी नर्स अडल्या. परिषदेने २०१७च्या अखेरीस ओईटी ही आरोग्यव्यवसायांची परीक्षा मान्य केली आणि डिसेंबर २०१८ मध्ये लेखनाची अट साडेसहावर आणली. नर्सच्या इंग्रजीत त्या महिन्यात काही बदल झाला नव्हता. ओईटीत निबंध नसतोच. रुग्णाच्या टिपणांवरून साधारण दोनशे शब्दांचे पत्र लिहायचे असते, आणि पत्राचा हेतू वाचणाऱ्याला लगेच कळतो का, हा तिथला स्वतंत्र निकष आहे. टिपणांतले काय गाळायचे हे ओळखणे तिथे निम्मे लेखन असते. कॅनडाला जाणाऱ्या इंजिनियरसाठी मात्र लेखनात सात बँड ही आजही वरच्या भाषा-गटाची किल्ली आहे. म्हणून आधी आपली परीक्षा कोणती, तिथे वाचक कोण आणि उंबरठा किती, हे ठरवून मगच सरावाला बसावे. टोफेलसाठी लावून घेतलेली सवय ओईटीत नडते.

यंत्राचा विषय आता बाजूला ठेवता येत नाही. एलिस पेज यांनी १९६६ सालीच संगणकाकडून निबंध तपासून घेण्याची कल्पना मांडली होती. टोफेलचे निबंध पुढे माणूस आणि ई-रेटर नावाची प्रणाली असे दोघे तपासू लागले. २००९ साली आलेल्या पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेने संगणकावरच भर दिला. एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने २०१४ साली एक प्रोग्राम बनवला: त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भरगच्च शब्दांचा, पूर्णपणे निरर्थक निबंध तयार करी, आणि तपासणी-यंत्रे त्याला चांगले गुण देत. क्लासवाले यातून निष्कर्ष काढतात की लांब आणि जड लिहा. मी तो सल्ला देणार नाही. पेरेलमन यांचे ते निरर्थक निबंध यंत्राने रचलेले होते. ताणाखाली बसलेल्या माणसाकडून जड शब्द चुकीच्याच जागी पडतात, आणि चुकीच्या जागी पडलेला शब्द बऱ्याचदा यंत्रालाही कळतो. अव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक इंग्रजीतल्या ५७० शब्दकुलांची यादी केली. ती जवळ ठेवावी. पण शब्द एकेकटा पाठ करण्याऐवजी तो कोणत्या शब्दांसोबत फिरतो ते वहीत टिपावे.

शिक्षकांना एक विनंती. परीक्षेचा शिकवण्यावर होणारा परिणाम हा या क्षेत्रातला मोठा वादविषय आहे. अल्डरसन आणि वॉल यांनी १९९३ साली असा परिणाम खरोखर होतो का असा बोचरा प्रश्न विचारला, तेव्हापासून पुरावे गोळा होत आहेत. परीक्षा एकच असते, पण कोल्हापूरच्या एका वर्गात तिच्यामुळे पाठांतर वाढते आणि शेजारच्या वर्गात वाद घालणे वाढते. मधे शिक्षक असतो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ पासून बंगळूर आणि दक्षिण भारतातल्या इतर काही शाळांत, व्याकरणाच्या पाठ्यक्रमाच्या जागी कामे देऊन इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्याची जगभर दखल घेतली गेली. मोठ्या वर्गात, थोड्या साधनांत, इंग्रजी फारसे कानावर न पडलेल्या मुलांसोबत तो झाला. आपल्या परिस्थितीत काही होत नाही, असे म्हणण्यापूर्वी तो पाहावा.

आणि विद्यार्थ्यांना सरावाविषयी. रोज नवा निबंध लिहिण्यापेक्षा एकच निबंध तीनदा लिहा. पहिल्यांदा घड्याळ लावून. दुसऱ्यांदा घड्याळ न लावता, फक्त पहिल्या निकषाकडे पाहून: प्रत्येक परिच्छेदाच्या समासात मराठीत एका ओळीत लिहा की या परिच्छेदाने प्रश्नाच्या कोणत्या भागाला उत्तर दिले. ओळ लिहिता आली नाही तर परिच्छेद काढून टाका. तिसऱ्यांदा फक्त आपल्या पाच-सहा सवयींवर नजर ठेवून.

या पुस्तकात नमुना निबंध मुद्दाम थोडे ठेवले आहेत, आणि जे आहेत त्यांतले निम्म्याहून अधिक सहा बँडच्या तोडीचे आहेत. नऊ बँडच्या निबंधापुढे विद्यार्थी हात जोडतो आणि पान उलटतो. सहाच्या निबंधात नेमके काय बदलले की तो सात होईल, हे मात्र त्याला स्वतःला करून पाहता येते. प्रत्येक निबंधाखाली त्यासाठी रिकामी जागा सोडली आहे. पेन्सिलच वापरा, कारण पहिल्या प्रयत्नातली दुरुस्ती बहुधा चुकीच्या वाक्यावर होते आणि ती खोडावी लागते.